कापशीच्या गुडघ्याची वाटी

मित्रांनो, घडवंची म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर पाण्याचे हंडे येत असतील. माझ्या डोक्यावर एकही हंडा कधी बसला नाही. मी शेळीची घडवंची आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. दूध काढायच्या वेळी शेळी माझ्यावर चढते, पुढच्या दोन पट्ट्यांच्या फटीत मान घालते, वरून खिट्टी बसते आणि तिच्या तोंडासमोर घमेल्यात दाण्याचा भरडा येतो. ती पुढे खात राहते, मागे चरवीत धारा वाजत राहतात. एवढेच माझे काम.

मला दादांनी घडवले. दादा सुतार आहेत. बाहेरचे लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. कुणा गिऱ्हाइकाने त्यांना दरवाजा करायला सांगितला आणि तो तयार झाल्यावर नको म्हटले. तो दरवाजा कितीतरी दिवस कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच सुमारास दादांची बहीण या घरी कायमची राहायला आली. नवऱ्यामागे तिला दुसरीकडे थारा उरला नव्हता. येताना तिने एक पत्र्याची पेटी आणली आणि दोरीला धरून एक पांढरे करडू आणले. घरातली मुले तिला आत्या म्हणत, म्हणून आपण तिला आत्याबाई म्हणू. करडाचे नाव कापशी.

कापशी मोठी झाली, व्याली, दूध देऊ लागली. तेव्हा एके दिवशी दादांनी कुणी न सांगता तो दरवाजा कापला, चार पाय ठोकले आणि मला आणून गोठ्यात आपटले.

"रोज त्या दरवाजाकडे बघून माझं डोकं फिरतं," ते म्हणाले. "घे, आता शेळी चढव त्याच्यावर."

दादा प्रेमाने काही देतात तेव्हा ते असेच चिडून देतात, हे मला पुढे कळले.

ती माझी चांगली वर्षे होती. सकाळ-संध्याकाळ कापशी टणकन उडी मारून माझ्यावर येई. शेजारीपाजारी बघायला येत. एक म्हातारे गृहस्थ मला हलवून पाहत म्हणाले होते, "मिस्त्री, माझ्या पलंगापेक्षा हिचे पाय घट्ट आहेत हो!" घरातला चहा कापशीच्या दुधाचा असे. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, पाहुण्यांना कप देताना आवर्जून सांगत, "आमच्या वन्संच्या शेळीचं दूध आहे." ते ऐकले की आत्याबाई उगाच पदर नीट करत. भावाच्या घरात त्यांचे म्हणण्यासारखे तेवढेच होते. खोली भावाची, ताट भावाचे. कापशी मात्र त्यांची.

मित्रांनो, फळीला पावलांचे ओझे कळते. तुम्ही जिन्यावरून चढता तेव्हा तुम्हाला वाटते, लाकडाला काय समजणार! पण पाय कुणाचा, कसा पडला, घाईने की दमून, हे आम्हाला सगळे समजते. म्हणून कापशीचे बिनसले आहे हे सगळ्यांत आधी मला समजले.

थंडीची सकाळ होती. ती वर आली, पण मागचा उजवा पाय पुरता टेकला नाही. खुराचे नुसते टोक लागले. गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. ती मागून अर्धी बसल्यासारखी उभी राहिली आणि भरड्यालाही तिने तोंड लावले नाही. आत्याबाईंनी चरवी खाली ठेवली आणि तिच्या गुडघ्यावरून हात फिरवला. त्यांचा हात एका जागी थांबला. गुडघ्याची वाटी समोर असायला हवी होती, ती बाहेरच्या बाजूला सरकली होती. त्यांनी पाय हळूच मागे ताणला आणि अंगठ्याने वाटी आत दाबली. टक् असा आवाज झाला. तो माझ्या फळ्यांतून गेला. पाय सरळ झाला, कापशी खाली उतरली आणि जणू काही झालेच नव्हते अशी चालू लागली.

मला हायसे वाटायला हवे होते. पण आत्याबाईंनी लगेच मान वळवून घराच्या दाराकडे पाहिले. कुणी बघितले तर नाही ना, अशा नजरेने.

त्यांना भीती वाटण्यासारखे कारण होते. दोनच घरे सोडून एक शेळी लंगडू लागली होती, तेव्हा शेळ्यांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि ती पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या वेळी दादा जेवताना म्हणाले होते, "बरोबर केलं त्यांनी. लंगडं जनावर पोसून काय करायचं?" ते सहज बोलले. आत्याबाईंचा घास मात्र हातात राहिला होता.

त्यानंतर तो टक् असा आवाज मला वारंवार ऐकू येऊ लागला. आधी कधीतरी, मग आठवड्यातून, मग रोज. घरातली दारे उघडायच्या आत आत्याबाई गोठ्यात येत, कापशीला माझ्यावर घेत आणि वाटी जागेवर बसवून टाकत. त्यांचा हात इतका बसला होता की कापशी ओरडतसुद्धा नसे. पण मला एक गोष्ट जाणवत होती. वाटी आत जायला जितकी सोपी होत होती, तितकीच बाहेर यायलाही सोपी होत होती. हे मी कुणाला सांगणार? घडवंचीला करकर करता येते, त्याहून जास्त काही नाही.

वहिनींच्या लक्षात आलेच. "वन्सं, कापशी मागून दबून चालते का हो जरा?"

"खूर वाढलेत," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

"मग दाखवून तरी आणू."

दोघी तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. निघताना आत्याबाईंनी माझ्यावरच तिचा पाय नीट केला. दवाखान्याच्या पायरीशी पुन्हा एकदा "गोचीड बघते" म्हणून त्या खाली बसल्या, असे वहिनी घरी आल्यावर सांगत होत्या. डॉक्टरबाईंनी कापशीला चालवून पाहिले तर ती छान चालली. त्यांनी वाढलेले खूर कापले आणि बजावले, "पुन्हा लंगडली तर तशीच घेऊन या. त्याच अवस्थेत." आत्याबाईंनी जोरात मान हलवली म्हणे.

मित्रांनो, कल्पना करा. कुणाचे तरी दात दुखतात आणि तो डॉक्टरकडे जाताना तोंड घट्ट मिटून जातो. आमच्या घरात तेच चालले होते.

एका संध्याकाळी जे व्हायचे ते झाले. धार काढता काढता वाटी सरकली. कापशीचा पाय मुडपला, ती माझ्या फळ्यांवर धप्पकन बसली आणि चरवी लाथेसरशी उलटली. दूध माझ्या फटींतून खाली गळू लागले. नेमके दादा तेव्हा दोरी शोधायला गोठ्यात आले होते.

"हे काय? कधीपासून?"

"आजच, दादा."

दादांनी बहिणीकडे पाहिले, मग कापशीच्या पायाकडे पाहिले. लाकूड बघून आतली कीड ओळखणारा माणूस तो. "आजचं नाही हे," ते म्हणाले. "व्यापारी पुढच्या आठवड्यात इकडे येतोय. त्याला निरोप देतो."

"अहो, डॉक्टरबाईंना तरी एकदा..." वहिनी दारातून म्हणाल्या.

"दाखवलं ना? नखं कापून पाठवली त्यांनी."

तरीही वहिनींनी दुसऱ्या दिवशी फोन केलाच. डॉक्टरबाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली. तो आवाज ऐकला मात्र, आत्याबाई धावत गोठ्यात आल्या. सवयच झाली होती हाताला. त्यांनी कापशीला उचलून माझ्यावर ठेवले, पाय मागे ताणला आणि अंगठा लावला.

"मावशी! हात तिथेच ठेवा. काढू नका!"

डॉक्टरबाई मागच्या फाटकातून आत आल्या होत्या. आत्याबाईंचा हात तिथेच थिजला. डॉक्टरबाईंनी आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला, वाटी आत ढकलली, पुन्हा बाहेर काढली, दुसऱ्या पायाची तपासली. मग विचारले, "त्या दिवशी दवाखान्यात येतानासुद्धा अशीच बसवून आणली होती का?"

वहिनींनी बाजू सावरली. "पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतोच की, बाई."

"अहो, पण मी पाहुणी नाही!" डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "मला पसाराच बघायचा असतो."

मग त्या गंभीर झाल्या. त्यांनी दादांना बोलावून घेतले आणि समजावून सांगितले. गुडघ्याची वाटी हाडातल्या एका खोबणीतून वर-खाली सरकते. कापशीची खोबण मुळातच उथळ होती. त्यामुळे वाटी बाहेर निसटते आणि ती बाहेर असेपर्यंत पाय सरळ होत नाही. दादांना हे चटकन उमगले. "खणासारखं आहे हे," ते म्हणाले. "खोबण झिजली की खण रुळावरून उतरतो. ठोकून बसवला तर तेवढ्यापुरता बसतो, पण दर वेळी कड आणखी खाते."

"अगदी बरोबर, मिस्त्री. दर वेळी आणखी खाते."

आत्याबाईंनी हे ऐकले आणि आपल्या अंगठ्याकडे पाहिले. त्यांच्या जिवाला काय वाटले असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

उपाय ऑपरेशनचा होता. खोबण थोडी खोल करायची, सैल पडलेली बाजू टाक्यांनी आवळायची, ताणलेली बाजू सैल करायची. "यश येईलच असं छातीठोक सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण नाही केलं, तर थोड्या दिवसांनी ती उठायचीच नाही."

दादांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "करा. पण मी व्यापाऱ्याला शब्द दिलाय. तो येण्याच्या आत झालं तर ठीक. नंतर मी थांबणार नाही."

व्यापारी येणार त्याच्या आदल्या दिवशीची सकाळ ठरली. डॉक्टरबाईंची गाडी म्हणजे फिरता दवाखानाच होता, आणि कापशी ओळखीच्या फळीवर शांत राहील म्हणून ऑपरेशन माझ्यावरच करायचे ठरले. जाताना त्यांनी दोनदा बजावले, "आदल्या दिवशी सकाळपासून चारा बंद. दाणा तर अजिबात नाही. शेळीचं पोट भरलेलं असलं आणि आम्ही तिला गुंगी दिली, तर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं. पोट फुगतं. जनावर टेबलावरच जातं. समजलं ना?"

सगळ्यांना समजले होते. मला तर फारच समजले होते.

तो आदला दिवस मी कधी विसरणार नाही. वहिनींनी मला गरम पाण्याने घासून काढले. मधल्या खोलीतले सामान हलवले, फरशी धुतली. कापशी उपाशी होती आणि दिवसभर ओरडत होती. तिला काय माहीत कशासाठी! संध्याकाळी तिचा आवाज बसला आणि ती बारीक रडल्यासारखी करू लागली. घरातले सगळे पुढच्या अंगणात होते. आत्याबाई आल्या, तिच्या गळ्यात हात टाकून बसल्या. मग उठल्या. ओंजळभर भरडा आणला. मग आणखी ओंजळभर. मग घमेलेच पुढे सरकवले. कापशीने ते चाटूनपुसून स्वच्छ केले.

आत्याबाईंनी घमेले पालथे घातले आणि घराच्या दाराकडे पाहिले. तीच नजर.

सकाळी मला मधल्या खोलीत नेले. माझ्यावर स्वच्छ रबरी चादर पसरली. डॉक्टरबाई आणि त्यांचे मदतनीस आले. कापशीला उचलून माझ्यावर ठेवले. मदतनीसांनी तिच्या गुडघ्यावरचे केस यंत्राने भादरले, त्या जागेला औषध लावले. डॉक्टरबाईंनी विचारले, "काल सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"पाण्याशिवाय काही नाही," वहिनी म्हणाल्या. त्या खरेच बोलत होत्या. त्यांना ठाऊक नव्हते.

आत्याबाई कापशीचे डोके धरून उभ्या होत्या. दादा दारात होते. बाहेर ऊन चढत होते. आज झाले नाही, तर उद्या टेम्पो येणार. आज झाले, तर... माझ्या फळ्यांवर कापशीचे पोट टेकले होते आणि ते जड होते. मला ते ओझे कळत होते. डॉक्टरबाईंनी बाटलीचे झाकण पुसले. सुई आत घातली. औषध सिरिंजमध्ये वर चढू लागले. माझे सगळे सांधे आवळले गेले होते, पण माझ्याकडून करकरसुद्धा निघाली नाही.

"बाई, थांबा."

आत्याबाईंचा आवाज इतका लहान होता की मदतनीसांनी विचारले, "काय म्हणालात?"

"ती उपाशी नाहीये. मी तिला दाणा घातला. काल संध्याकाळी. घमेलंभर." मग त्यांनी दादांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आणि दादा, हा पाय थंडीपासून असा आहे. मी रोज बसवत होते. तू विकशील म्हणून."

डॉक्टरबाईंनी कापशीच्या पोटावर मूठ दाबून पाहिली आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली. "आज नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मला जमत नाही. परवा सकाळी." मग दारापर्यंत जाऊन मागे वळल्या. "मावशी, तुम्ही आत्ता तिचा जीव वाचवलात. पायाचं पुढे बघू."

पण पुढचा दिवस मध्ये होता. दादा कारखान्यात निघून गेले आणि दिवसभर रंधा मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. व्यापारी मोठा बोलका माणूस. "काय मिस्त्री! ती लंगडी राजकन्या कुठे आहे?"

आत्याबाईंनी कापशीला बाहेर आणले. वाटी सरकलेली होती. त्यांनी तिला हात लावला नाही. कापशी दबून, एक पाय ओढत, सगळ्यांसमोर चालली. कितीतरी महिन्यांनी ती जशी होती तशी चालली.

"अरेरे," व्यापारी म्हणाला. "हिला आजच उचलतो. बोला मिस्त्री."

दादा हातावरचा भुसा झटकत होते. "मला काय विचारता? शेळी माझी नाही."

"अहो, निरोप तर तुम्ही दिलात!"

"दिला. चुकलं माझं. शेळी बहिणीची आहे. तिला विचारा."

व्यापारी आत्याबाईंकडे वळला. आत्याबाई पदर नीट करायलाही विसरल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "विकायची नाही. उद्या तिचं ऑपरेशन आहे."

"शेळीचं ऑपरेशन!" व्यापारी हसत टेम्पोत बसला. "उद्या कोंबडीला चष्मा लावाल." टेम्पो धूर सोडत गेला. दादा लगेच कारखान्यात शिरले. ते डोळे पुसत होते, पण भुसा गेला असेल असे सगळे धरून चालले.

या वेळी कापशी खरेच उपाशी होती. आत्याबाई गोठ्याकडे फिरकल्याच नाहीत. त्या वहिनींना म्हणाल्या होत्या, "मला खोलीत बसवा आणि बाहेरून कडी लावा." ऑपरेशन माझ्यावर झाले. कमरेत सुई देऊन मागचे पाय बधिर केले, हलकी गुंगी दिली, लाळ बाहेर गळावी म्हणून तोंड उतरते ठेवले. मला दिसले ते थोडे, कारण वर चादर होती. पण हाड खरवडल्याचा बारीक आवाज मी ऐकला आणि तो मला ओळखीचा वाटला. पटाशीने खोबण कोरताना असाच आवाज येतो. दादा दाराबाहेर उभे होते. त्यांनीही तो ओळखला असणार. एकदा कापशीचा श्वास अडखळला. डॉक्टरबाईंचा हात थांबला, मदतनीसांनी जीभ बाहेर ओढून धरली. मग श्वास पुन्हा सुरू झाला.

काळजी तेवढ्यावर संपली नाही. जखम सुजली, मग उतरली. कापशीला छोट्या आडोशात बंद ठेवायचे होते. इंजेक्शने होती, आणि औषध चालू असेपर्यंत दूध कुणी प्यायचे नव्हते. आत्याबाई आता काहीच लपवत नव्हत्या. उलट फारच सांगत होत्या. "बाई, ती शिंकली." "बाई, आज तिनं डावा कान जास्त हलवला." डॉक्टरबाई फोनवर हसत आणि तरी नीट ऐकून घेत. टाके निघाले, दोरी धरून हळूहळू चालवणे सुरू झाले. वाटी जागेवर राहू लागली. थंडीत पाय थोडा आखडतो, तो आखडतोच. "हिला पुन्हा पिल्लं झाली की त्यांचे गुडघे लहानपणीच दाखवा," असे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले आहे.

शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "उड्या कायमच्या बंद. ही घडवंची फार उंच आहे तिला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटले, झाले, आता सरपण! दादा करवत घेऊन आले तेव्हा माझी खात्रीच पटली. पण त्यांनी मला उलटे केले, कापशीच्या पावलाजवळ पट्टी धरून बघितली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि माझे चारही पाय खालून कापून टाकले. आता मला कुणी घडवंची म्हणत नाही. मुले मला पाट म्हणतात. उंची गेली याचे सुरुवातीला वाईट वाटले. पण कापशी आता उडी न मारता, घरातून अंगणात यावे तशी, माझ्यावर चालत येते.

एक अडचण झाली. मी बुटकी झाले आणि आत्याबाईंना धार काढायला फार वाकावे लागू लागले. त्या काही दिवस तशाच वाकत राहिल्या. मग एका सकाळी उठताना त्यांनी कमरेला हात लावला आणि जिथे होत्या तिथूनच हाक मारली, "दादा! माझी कंबर दुखते. खूप दुखते."

कारखान्यातला रंधा थांबला. "मग एवढे दिवस गप्प का बसलीस?"

"आत्ता सांगितलं ना!"

दुपारपर्यंत त्यांना पाठ टेकता येईल असे एक बैठे आसन तयार झाले. त्याचे पाय माझ्याच कापलेल्या तुकड्यांचे आहेत.

मित्रांनो, एखादे जनावर पाय उचलून धरत असेल, तर त्याला तसेच, त्या उचललेल्या पायासकट, जाणत्या माणसापुढे उभे करा. रागावतील म्हणून, विकतील म्हणून, हसतील म्हणून झाकू नका. आम्हा मुक्यांना बोलता येत नाही. तुम्हाला येते. तेवढे तुम्ही करा.